विमानतळाची सभा आणि आकाशातले नवरे

"आलं, आलं! ऐका, विमान आलं!" आमचे नगराध्यक्ष अप्पासाहेब मगर खुर्ची सरकवून उठले ते थेट खिडकीशी गेले. सभागृहाला पत्र्याचं छप्पर, त्यामुळे आवाज अगदी डोक्यावरून फिरल्यासारखा वाटला. आम्ही नऊही बायकांनी वर बघितलं. कमलताईंनी तर सवयीनं पदर पुढे ओढला, कारण त्यांचे मालक त्या विमानात होते.

मालक सगळ्यांचेच त्या विमानात होते. माझेसुद्धा.

आता हे कसं काय, ते आधी सांगायला हवं. या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. तांबसरी नगरपरिषदेत आम्ही सतरा जण, त्यात नऊ बायका. वॉर्ड राखीव झाले, घरातल्या पुरुषांना उभं राहता येईना, मग त्यांनी आम्हाला उभं केलं. निवडून आम्ही आलो आणि हार त्यांच्या गळ्यात पडले. गावात त्यांना नगरसेवक म्हणायचे आणि आम्हाला वहिनी.

सभागृहात मागच्या भिंतीला लागून एक लांब बाकडं होतं, त्यावर ही मंडळी बसायची. ठराव मताला आला की आम्ही मान वळवून मागे बघायचं. प्रत्येकाची खूण वेगळी. कमलताईंचे मालक खोकले की त्यांचा हात वर. जैबूभाभी मुजावरांच्या मालकांनी दाढी कुरवाळली की त्यांचा हात वर. आमच्या ह्यांची टोपी होती. टोपी काढून मांडीवर ठेवली की मी हात वर करायचा, डोक्यावर असली की गप्प बसायचं. एकदा ह्यांना उकडायला लागलं म्हणून टोपी काढून बसले, आणि मी गटारीच्या ठरावाच्या बाजूनंही हात वर केला आणि विरोधातही. दोन्ही मतं लिहून घेतली गेली. कुणी चकार शब्द काढला नाही!

तर ही सभा विमानतळाची होती. हसू नका, तांबसरीला विमानतळ आहे. संस्थानच्या काळात राजेसाहेबांनी स्वतःच्या विमानासाठी धावपट्टी बांधली. पुढे संस्थान विलीन झालं, राजेसाहेब मुंबईला गेले आणि धावपट्टी नगरपालिकेकडे आली. निवडणुकीतले पुढारी आणि अधूनमधून कुणी कारखानदार सोडला, तर तिथं उतरणार कोण? गावातली पोरं त्यावर सायकल शिकायची. पण कागदोपत्री तो 'तांबसरी नगरपरिषद विमानतळ', आणि त्याचं करायचं काय हे आता आम्हाला ठरवायचं होतं.

एका कंपनीनं तो साठ वर्षांच्या करारानं चालवायला मागितला होता. धावपट्टी नवी करू, रोज विमान सोडू, असं म्हणत होते. त्यात वाईट काही नव्हतं. पण कंपनीच्या नकाशात चारी बाजूंनी भिंत होती आणि त्या भिंतीच्या आत आमचा आडवा रस्ता गेला होता. धावपट्टीच्या टोकापलीकडून जातो तो. अलीकडे माझा वॉर्ड, म्हणजे कुंभारवाडा, आणि पलीकडे शाळा, दवाखाना, बाजार. तो रस्ता बंद झाला की आमच्या पोरांनी हायवेनं ट्रकच्या कडेकडेनं चालत शाळेला जायचं. प्रचारात घरोघरी जाऊन मी एकच गोष्ट सांगितली होती, रस्ता जाऊ देणार नाही.

आणि ह्यांना कंपनीनं विमानतळाच्या कँटीनचा शब्द दिला होता. आमचं पंप दुरुस्तीचं दुकान. हे माणूस म्हणून लाख चांगले, पण कँटीन म्हटल्यापासून ह्यांना दुकानात करमेना. येता-जाता "वड्याला बटाटा कुठला घ्यायचा गं?" हाच विषय.

कंपनीचा टायवाला साहेब फार हुशार. मतं कुणाच्या हातात आहेत ते त्यानं बरोबर हेरलं. आम्हा बायकांना त्यानं साधा नमस्कारसुद्धा केला नाही. सभेच्या दिवशी सकाळी छोटं विमान आणलं आणि आमच्या नवऱ्यांना फिरवून आणायचं ठरवलं. साहेब आणि पायलट सोडून विमानात सीटा नऊ. आठ नवरे, आणि पारूमावशी विधवा, म्हणून त्यांचा मुलगा. ह्यांनी लग्नातला कोट बाहेर काढला. बटणं लागेनात तरी तो घातलाच.

"अकराच्या आत येतोच," हे आरशात बघत म्हणाले. "आज टोपी काढणार आहे. ध्यानात ठेव."

"आणि रस्ता?"

"अगं, रोज विमान सुटायला लागल्यावर रस्ता काय घेऊन बसलीस?" असं म्हणून निघालेसुद्धा.

मग मी आवरून सभेला निघाले, त्याच आडव्या रस्त्यानं. वाटेत भामाबाई कुंभारीण भेटली. डोक्यावर माठांची पाटी, बाजाराला चालली होती.

"वैनी, रस्ता राहतोय का जातोय?" तिनं चालता चालताच विचारलं.

"बघू, भामाबाई. हे म्हणतात, कंपनी आली तर गावाचं भलं होईल."

"ते काय म्हणतात ते मी ऐकलंय. तू काय म्हणतीस?"

मी पदर नीट करायला लागले.

"माझ्या ओट्यावर बसून चहा प्यालीस," भामाबाई म्हणाली. "रस्ता जाऊ देणार नाही म्हणालीस. मी तुझ्या नावापुढचं बटण दाबलं. नवऱ्याचं नाव मशीनवर नव्हतं बाई तुझ्या." आणि पाटी सावरत पुढे गेली. मला इतकी लाज वाटली की मी मुद्दाम मागे मागे रेंगाळत चालले, पुन्हा तिच्या बरोबरीला जायला नको म्हणून.

तर आता सभागृहात. विमान डोक्यावरून गेलं, आवाज लांब गेला, आणि थोड्या वेळानं पुन्हा जवळ आला. पुन्हा गेला. पुन्हा आला.

"हे उतरत का नाहीत?" अप्पासाहेब खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले.

तेवढ्यात आमचा शिपाई बंडू धापा टाकत आत आला. "साहेब, धावपट्टीवर गाड्या सोडल्यात! बैलं, टेम्पो, सगळं!"

तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. गुरुवार होता. गुरुवारी तांबसरीचा बाजार. बाजाराला आलेल्या गाड्या धावपट्टीवर सोडायच्या ही गावाची जुनी रीत. सकाळी विमान उडालं तेव्हा पट्टी मोकळी होती आणि आता तिथं बैलं वैरण खात बसली होती. एरवी गुरुवारी विमान यायचं असेल तर गाड्या हाकलायला कोण जायचं? आमचेच नवरे जायचे. दंडाला लाल फडकी बांधून, "चला, चला, विमान आहे" असं ओरडत पळायचे. फार हौस होती त्यांना त्या कामाची. आज ते सगळेच्या सगळे वर बसले होते.

"अरे मग जा की! हाकल त्यांना!" अप्पासाहेब ओरडले.

"गेलो होतो साहेब. ऐकत नाहीत. म्हणतात, शिंगटे साहेबांना स्वतः येऊन सांगू दे."

शिंगटे साहेब म्हणजे आमचे हे. तेव्हा ते सभागृहाच्या पत्र्यावरून पाचव्यांदा चालले होते. जैबूभाभींना हसू आवरेना, त्यांनी तोंडाला पदर लावला. मलाही हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. छोटंसं ते विमान, त्यात पेट्रोल ते किती असणार? शेवटी आवाज लांब लांब गेला आणि परत आला नाही. थोड्या वेळानं निरोप आला, विमान शेजारच्या जिल्ह्यात नीट उतरलं, सगळे सुखरूप आहेत. पारूमावशींनी हात जोडले. मी पाणी प्याले.

अप्पासाहेबांनी घाम पुसला आणि खुर्चीत बसले. "तर मग आजची सभा तहकूब करू. पुढच्या आठवड्यात घेऊ."

आमचे मुख्याधिकारी खिल्लारे साहेब नवीन होते, तरुण होते, आणि नाकासमोर चालणारे होते. त्यांनी चष्मा वर केला. "तहकूब कशासाठी, अध्यक्ष महाराज?"

"कशासाठी म्हणजे? माणसं नाहीत ना!"

"सतराच्या सतरा सदस्य हजर आहेत."

"अहो, हे सगळे आहेत. पण ते नाहीत ना!"

"ते कोण, साहेब?"

अप्पासाहेब तरी काय सांगणार? सगळ्यांनी एकदम मागे वळून बाकड्याकडे बघितलं. मीही बघितलं. रिकामं बाकडं. मला ते बाकडं इतकं लांबलचक असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"विषय क्रमांक एक," खिल्लारे साहेबांनी वाचायला सुरुवात केली. "नगरपरिषदेच्या विमानतळाचं व्यवस्थापन कंपनीकडे सोपवणे. कुणाची उपसूचना आहे का?"

पुरुषांच्या बाजूला कोण कुठे ते गावाला माहीत होतं, पाच अप्पासाहेबांचे, म्हणजे कंपनीच्या बाजूचे, आणि तीन विरोधातले. राहिलो आम्ही नऊ. आणि मी उभी राहिले. का उभी राहिले ते आजही सांगता येणार नाही. एवढं आठवतं की उभी राहिल्यावर मी टेबल घट्ट धरलं.

"मला बोलायचंय," मी म्हणाले. पावणेदोन वर्षांत त्या सभागृहात उच्चारलेलं माझं ते पहिलं वाक्य.

"बोला की वहिनी," अप्पासाहेब म्हणाले. त्यांना वाटलं, मी पंखा बंद करायला सांगणार.

"विमानतळ नगरपरिषदेनंच चालवावा. पुण्याच्या विमान शिकवणाऱ्या संस्थेनं भाड्यानं मागितलाय, तो अर्ज दोन सभा तसाच पडलाय. त्यांना द्यावा. कुंपण घालायलाच पाहिजे, बैलं काय धावपट्टीवर बसवायची असतात? पण कुंपण आपण घालायचं, आणि आमचा आडवा रस्ता कुंपणाच्या बाहेर ठेवायचा. बाजाराच्या गाड्यांना दुसरी जागा द्यायची. एवढंच."

एवढंच म्हणाले खरं, पण मला घामानं अंघोळ झाली होती.

अप्पासाहेब गोड हसले. "वहिनी, चांगलं बोललात. पण आनंदरावांना विचारलंत का?"

"ते वर होते," मी म्हणाले.

अख्खं सभागृह खो खो हसलं. खिल्लारे साहेबांनी खाली मान घातली, पण त्यांचेही खांदे हलत होते.

"आता उतरलेत ना," अप्पासाहेब म्हणाले. "विचारून घ्या. आम्ही थांबतो."

आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. टेबलावरच होता, समोर. त्यावर 'अहो' असं नाव, आणि फोन थरथरत टेबलावरून सरकायला लागला. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग कमलताईंचा वाजला. मग जैबूभाभींचा. एकेक करून सगळ्यांचेच वाजायला लागले, लग्नघरात वाजंत्रीवाले यावेत तसा गलका झाला.

"उचला वहिनी," अप्पासाहेब म्हणाले.

खरं सांगते, हात पुढे गेला होता. सवयीच असतात अंगाला. उचलला की हे म्हणणार, हात वर कर, आणि मी करणार. मला माहीत होतं मी करणार. त्या माणसाच्या आवाजापुढे माझं काही चालत नाही, भांडले तरी शेवटी चहा त्याच्याच आवडीचा करते मी. मग मी काय केलं? फोन वाजत असतानाच टेबलावरून खुर्चीवर ठेवला, आणि त्यावर बसले. अगदी फतकल मारून बसले. खाली तो थरथरतोय आणि वर मी.

"माझी उपसूचना कायम आहे," मी म्हणाले. "अनुमोदन कोण देतंय?"

कुणी बोलेना. खालचा फोन थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, संपलं आता. अनुमोदन नाही मिळालं की उपसूचना गेली, आणि भामाबाईला काय तोंड दाखवू?

"मेरा लिखो साहेब," जैबूभाभी म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा फोन बटव्यात घालून बटव्याची नाडी आवळली. "जैबुन्निसा मुजावर. पूर्ण नाव लिहा."

मत घ्यायची वेळ आली. पारूमावशींनी मात्र फोन उचलला. "बाळा, जेवलास का?" म्हणाल्या. "नाही? मग आधी जेव." आणि बंद केला, हात वर केला. तिकडच्या बाजूनं विरोधी तिघांचे हात वर गेले. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग एकीचा हात गेला, तिचं बघून दुसरीचा, तिसरीचा. दोघीजणी फोन कानाला लावून खाली बघत बसल्या. कमलताईंचा हात मधोमध, वर ना खाली. आणि मागे दारात उभा असलेला बंडू खोकला. झालं! कमलताईंचा हात ताडकन वर.

नंतर त्या मला शपथेवर म्हणाल्या, "बंडूमुळे नाही हं रत्ना. मी करणारच होते." असेल बाई. मी कुठं खोलात जाऊ?

"उपसूचना दहा विरुद्ध सात मतांनी मंजूर," खिल्लारे साहेबांनी वाचलं. मी बसूनच राहिले. उठले तर रडू येईल असं वाटत होतं. जैबूभाभींनी टेबलाखालून माझा हात जोरात दाबला.

घरी जाताना आडव्या रस्त्यानं मी जवळजवळ पळतच गेले. पण कुंभारवाड्यात पोचल्यावर खरी भीती वाटायला लागली. कँटीन बुडालं होतं. ह्यांना काय सांगायचं? मी स्वयंपाकाला लागले, ह्यांच्या आवडीचं भरलं वांगं टाकलं, म्हटलं निदान पोट तरी शांत असू दे.

दिवेलागणीला हे आले. बाजारातल्या कांद्याच्या रिकाम्या टेम्पोत बसून आले होते सगळे. कोटाला कांद्याची सालं चिकटलेली. दारातूनच ओरडले, "किती फोन केले तुला! किती!"

"माहीत आहे. फोनवर बसले होते मी."

"कुठं बसली होतीस?"

"फोनवर. खुर्चीत ठेवून."

ह्यांना काही अर्थबोध झाला नाही. "बरं ते जाऊ दे. ठरावाचं काय झालं ते सांग आधी."

मी गॅस बारीक केला आणि वळले. म्हटलं, एका दमात सांगून टाकावं. "कंपनीला दिलं नाही. विमानतळ आपणच चालवणार. रस्ता राहिला. उपसूचना माझी होती, मी उभी राहून मांडली. कँटीन गेलं. आता काय बोलायचं ते बोला."

हे उंबऱ्यातच मटकन बसले. मला वाटलं, चक्कर आली. मग ह्यांचे खांदे हलायला लागले आणि हे हसायलाच लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं, तेच सांगायला फोन करत होतो!"

"काय?"

"हेच! की हात वर करू नको!" ह्यांनी डोळे पुसले. "ते विमान घिरट्या घालत होतं ना, तेव्हा तो टायवाला भिंत कुठून जाणार ते मला बोटानं दाखवत होता. आणि रत्ना, त्याच्या बोटाखालून अख्खा कुंभारवाडा चालला होता बाजाराला! पाट्या, पोरं, म्हातारी माणसं. रांग तुटत नव्हती. दर फेरीला नवीन माणसं. आपण रोज चालतो त्या रस्त्यानं, कधी कळलं नव्हतं एवढी माणसं असतात ते. मी म्हटलं, साहेब, ही माणसं कुठून जाणार? तर म्हणाला, जातील कुठून तरी. कुठून तरी! मला असा राग आला म्हणतेस! पण वर काय करणार? उतरल्या उतरल्या पहिला फोन तुला लावला. तू उचलेनास. घाबरून गेलो, म्हटलं ही बया करतीय हात वर." हे मान हलवत हसत राहिले. "एकदा उचलला असतास तर दिवसभराची काळजी मिटली असती माझी."

मीही हसत होते. हसता हसता मी गॅस बंद केला.

"बरं झालं उचलला नाही," मी म्हणाले.

"का? हेच सांगणार होतो ना मी?"

"म्हणूनच."

हे उठले, कोट काढला, खिळ्याला अडकवायला गेले आणि हात तसाच वर धरून थांबले. पंपाचा बिघाड सापडला की ह्यांचा चेहरा जसा होतो तसा झाला.

"म्हणजे तू फोन उचलला असतास," हे सावकाश म्हणाले, "तर रस्ता मी वाचवला असता."

"हो. आणि मला कधी कळलंच नसतं, मी काय केलं असतं ते."

"आणि आता?"

"आता मी वाचवलाय. चाला की तुम्ही पण त्यावरून, मी कुठं नाही म्हणते?"